नदी उजळली, चेहरा खरखरीत आला

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी वाईची, वय चोवीस. बाबांच्या कपाटातला पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा दुरुस्त करून घेतला आणि ताईचं लग्न ठरल्यावर मेणवलीच्या घाटावर तिचे नऊवारीतले फोटो काढले. कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००, पस्तीस एमएमचा रोल. संध्याकाळची वेळ, ताई पायऱ्यांवर, मागे कृष्णा. सुई मध्यावर आणूनच प्रत्येक फोटो घेतला. रोल कुरिअरने पुण्याच्या एका लॅबला पाठवला. स्कॅन आले ते बघून रडू कोसळलं. नदी आणि आकाश छान, पण ताईच्या गालांवर, केसांत, साडीच्या काठावर नुसते दाणे. काळा रंग तर राखाडी-हिरवट दिसतोय. लॅबवाले म्हणाले, ‘फिल्म आहे, ग्रेन असणारच.’ पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिचे फोटो आमच्या जुन्या घराच्या अंगणात मला फिल्मवरच काढायचेत. महागडा पोर्ट्रा रोल घेऊ का? की कॅमेराच बिघडलाय? कपाटात ‘इंदू’चा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट रोल सापडलाय, तो चालेल का? आणि ताईच्या फोटोंचं आता काय करू? मला ‘तू’च म्हणा.
– एक वाचक, वाई

उत्तर : तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘सुई मध्यावर आणूनच प्रत्येक फोटो घेतला.’ दाण्यांचं मूळ बहुतेक तिथेच आहे. तू सुईचं ऐकलंस, आणि सुई नदीकडे बघत होती.

के१०००चा मीटर, म्हणजे ती सुई हलवणारं उजेड मोजायचं यंत्र, अख्ख्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. चौकटीत ताई किती होती आणि तिच्यामागचं चमकतं पाणी, आकाश किती होतं, ते फोटो समोर ठेवून बघ. मीटरला वाटलं, उजेड भरपूर आहे; त्याने तुला तेवढंच कमी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर कमी उजेड, सांगितलं. नदी-आकाश नेमकं उतरलं. ताईच्या चेहऱ्यावर मात्र मागून उजेड, पुढून सावली. अशा वेळी चेहरा मागच्या आकाशापेक्षा तीन स्टॉपनेही काळोखा असू शकतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणजे तीन स्टॉपला एक अष्टमांश. तेवढ्याशा उजेडावर फिल्मने चेहरा काढायचा तरी कसा?

दाणे कुठून येतात तेही सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे लहान-मोठे कण असतात. मोठे कण जास्त संवेदनशील, थोड्या उजेडातही ते जागे होतात. बारीक कणांना जास्त उजेड लागतो. उजेड कमी पडला की फक्त मोठे कण कामाला येतात, तेही लांब-लांब. रंगीत निगेटिव्हमध्ये डेव्हलपिंगनंतर चांदी निघून जाते आणि प्रत्येक कणाच्या जागी रंगाचा एक बारीक ढग उरतो. ढग विरळ असले की मधल्या फटी दिसतात. रांगोळी चिमटीतून कमी सुटली की रेघेतून जमीन दिसते ना, तसंच. हात भरून सोडली की रंग सलग दिसतो. म्हणून रंगीत निगेटिव्ह फिल्मवर जास्त उजेड दिला की ढग एकमेकांवर चढतात आणि चेहरा मऊ दिसतो. ही फिल्म दोन-तीन स्टॉप जास्त उजेड सहज सोसते. कमीच्या बाजूला मात्र एक स्टॉपपासूनच तक्रार सुरू होते.

त्यात स्कॅनरची भर पडते. पातळ निगेटिव्ह आली की स्कॅनर, किंवा तो चालवणारा माणूस, चेहरा दिसावा म्हणून उजळपणा ओढून वर आणतो. त्याबरोबर दाणेही वर येतात, आणि जिथे फिल्मवर काहीच उमटलेलं नाही तो काळा भाग राखाडी-हिरवट होतो. तू केस आणि काठ यांचं केलेलं वर्णन तंतोतंत हेच आहे. ‘ग्रेन असणारच’ हे लॅबचं उत्तर अर्धंच खरं. अल्ट्रामॅक्स ४०० ही काही फार बारीक दाण्याची फिल्म नव्हे, पण पुरेसा उजेड मिळाला तर हातात धरायच्या आकाराच्या प्रिंटवर तिचा ग्रेन डोळ्यांत खुपत नाही.

अर्थात हे मी निगेटिव्ह न बघता सांगतोय. ती तुझ्याकडे असेल तर आज रात्रीच एक काम कर. (लॅबने ठेवून घेतली असेल तर आधी मागवून घे. निगेटिव्ह म्हणजेच तुझा फोटो. स्कॅन ही त्याची एक नक्कल.) मोबाइलवर कोरं पांढरं पान उघड, उजेड पूर्ण वाढव आणि त्यावर निगेटिव्हची पट्टी थोडी अधांतरी धर. कडेने छापलेली फिल्मची अक्षरं आणि फ्रेमचे आकडे आधी बघ. ते कारखान्यातच एक्स्पोज झालेले असतात, त्यांचा तुझ्या कॅमेऱ्याशी संबंध नाही. अक्षरं गडद आणि ठसठशीत असतील तर डेव्हलपिंग ठीक झालंय. तीच फिकी, धुवट असतील तर लॅबच्या रसायनात किंवा तापमानात काहीतरी चुकलंय आणि मग तुझी तक्रार रास्त आहे. यानंतर ताईच्या चेहऱ्याकडे ये. निगेटिव्हवर चेहरा चांगला गडद दिसायला हवा, त्यात नाक-डोळ्यांचे तपशील हवेत. तो जवळजवळ कोऱ्या नारिंगी पट्टीसारखा असेल आणि आकाश मात्र दाट काळं, तर निदान पक्कं : चेहऱ्याला उजेड कमी पडला.

कॅमेऱ्यावरचा संशयही एकदा फेडून घे. के१०००ला आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, हाताने लावावा लागतो. शटरच्या चकतीचं बाहेरचं कडं वर उचलून फिरवलं की खिडकीत आकडा बदलतो. दुरुस्तीच्या वेळी तिथे ८०० किंवा १६०० राहून गेलं असेल तर सगळा रोल एक-दोन स्टॉप उपाशी राहिला, एवढा साधा मामला असू शकतो. बॅटरी नवी घाल, एलआर४४ किंवा तिचीच सिल्व्हर ऑक्साइड भावंड एसआर४४. दुसरी शेवटपर्यंत विजेचा दाब स्थिर ठेवते म्हणून मला ती आवडते. या कॅमेऱ्यात मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सवर टोपी घातली की तो झोपतो, तेव्हा टोपी काढून ठेवायची सवय असेल तर बॅटरी लवकर संपते. मग भर दुपारी लख्ख उन्हातल्या गवतावर कॅमेरा धर. आयएसओ १००, शटर १/१२५ सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) एफ/१६. सुई मध्याच्या आसपास आली तर मीटर धडधाकट आहे.

आता आजीच्या फोटोंकडे येऊ. खरी गंमत इथेच आहे, आणि मला वाटतं तू हे फोटो फार सुंदर काढशील.

फिल्मचं आधी उरकतो. पोर्ट्रा घेतलास तर आनंदच आहे. पोर्ट्रा ४०० त्याच आयएसओच्या अल्ट्रामॅक्सपेक्षा बारीक दाण्याची, पोर्ट्रा १६० त्याहून बारीक, आणि दोन्ही त्वचेचा रंग हळुवार ठेवतात. पण घाटावर घेतलंस तसंच मीटर घेतलंस तर पोर्ट्रावरही दाणेच येतील, फक्त महाग दाणे. पैशांची ओढाताण असेल तर कोडॅकची गोल्ड २०० बिनधास्त वापर. कोडॅकच्याच एकटार १०० चा ग्रेन अगदी बारीक आहे खरा, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती लाल चढवते. आजीसाठी मी ती घेणार नाही.

कोणतीही रंगीत निगेटिव्ह घे, आयएसओची खिडकी निम्म्यावर ठेव. ४००च्या रोलला २००, २००च्या रोलला १००. म्हणजे प्रत्येक फ्रेमला न मागता एक स्टॉप जास्त मिळेल. लॅबला मात्र ‘नॉर्मल डेव्हलप करा’ असंच लिहायचं. ‘पुश’ हा शब्द चिठ्ठीत चुकूनही नको. पुश म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणं. सी-४१ची, म्हणजे रंगीत निगेटिव्ह डेव्हलप करायच्या नेहमीच्या पद्धतीची, ठरलेली वेळ ३७.८ अंश सेल्सिअसला सव्वातीन मिनिटं असते; ती वाढवली की कॉन्ट्रास्ट वाढतो, दाणा वाढतो, आणि सावलीत न उमटलेलं काही परत येत नाही.

आता जागा. तुमच्या घराला ओसरी असेलच. आजीला ओसरीच्या कडेला बसव, अंगणाकडे तोंड करून, उन्हाची रेघ जिथे संपते तिथून हात-दोन हात आत. डोक्यावर छप्पर, समोर मोकळं आकाश. हा उजेड चेहऱ्यावर समोरून आणि मऊ येतो, आजीला डोळे बारीक करावे लागत नाहीत आणि डोळ्यांत आकाशाचा एक ठिपका चमकतो. मागे ओसरीचा अंधार असतो, म्हणजे या वेळी सरासरी काढणारी सुई चुकलीच तर जास्त उजेडाच्या बाजूला चुकेल, आणि ती चूक आपल्या पथ्यावर पडणारी आहे. घाटावर नेमकं उलट झालं होतं. तिथेही ताईचं तोंड नदीकडे असतं आणि तू खालच्या पायरीवरून फोटो घेतला असतास, तर मागे काळा दगड आला असता आणि समोरचं सगळं आकाश तिच्या चेहऱ्यावर पडलं असतं.

अंगणात फरशी असेल तर तिच्यावरचं ऊन उसळून आजीच्या हनुवटीखाली आपोआप पोचेल. शेणाने सारवलेलं अंगण असेल तर ते उजेड गिळतं. मग तिच्या समोरच्या उन्हात एक धुतलेली पांढरी चादर पसर. फरक तुला डोळ्यांनी दिसेल : सुरकुत्या तशाच राहतात, त्यांच्यातला काळोख तेवढा निघून जातो. शिवाय थर्माकोलचा एक पांढरा तक्ता आण आणि घरातल्या कोणाला तरी आजीच्या छातीच्या उंचीला, थोडा बाजूने धरायला सांग. शूटिंगच्या सेटवर लाखोंचे दिवे असतानाही हाच तक्ता सगळीकडे दिसतो. आंब्याखाली मात्र बसवू नकोस. पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड चेहऱ्यावर बसतो आणि स्कॅनमध्ये तो काढता काढता लॅबचा माणूस गालांना जांभळट करून ठेवतो. ओसरीतला पिवळा बल्बही बंद कर. त्या उजेडात निळा फार कमी, त्यामुळे फिल्मचा निळा टिपणारा थर उपाशी राहतो आणि तिथून दाणा डोकावतो.

मीटर असा घे. आजीजवळ जा, इतकी जवळ की चौकटीत फक्त चेहरा येईल. तुझी सावली तिच्यावर पडू देऊ नकोस. सुई मध्यावर आण, शटर-ॲपर्चर तिथेच सोड, मागे ये, फोटो घे. मागे आल्यावर सुई कुठेही नाचू दे, तिच्याकडे बघायचं नाही. हाताने चालणाऱ्या कॅमेऱ्याचं हेच सुख आहे, लावलेलं तसंच राहतं. आजी गोरी असेल तर मध्यापेक्षा एक स्टॉप जास्त दे, कारण उजळ त्वचेला मीटर सावळी करायला बघतो. गव्हाळ किंवा सावळी असेल तर मध्यावर आलेलं माप ठीक. आजीला कॅमेरा इतका जवळ आलेला आवडत नसेल तर तिच्याच उजेडात स्वतःचा तळहात धर, त्यावर मीटर घे आणि एक स्टॉप वाढव. तळहात कोणाचाही असो, मीटर ज्या मध्यम करड्या छटेला प्रमाण मानतो तिच्यापेक्षा तो साधारण एक स्टॉप उजळ असतो. सहस्रचंद्रदर्शनाला आजी फिकट, दुधी लुगडं नेसणार असेल तर हे आणखी महत्त्वाचं. चौकटभर फिकट कापड दिसलं की सुई पुन्हा फसते आणि पुन्हा चेहरा काळवंडतो.

अंदाजाला आकडे : आयएसओ २०० लावलेला असताना दिवसा अशा मोकळ्या सावलीत १/२५० आणि एफ/४ किंवा एफ/५.६च्या आसपास उत्तर यावं. फारच वेगळं आलं तर काहीतरी चुकतंय समज. १/१२५च्या खाली उतरू नकोस. म्हातारं माणूस शांत बसलं तरी मान थोडी हलतेच. एफ/२वर, म्हणजे भोक मोठं उघडून, सगळे फोटो घ्यायचा मोहही आवर. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट अशी आजी घरच्यांना आवडणार नाही.

वेळ सकाळची किंवा चारच्या सुमाराची ठेव. संध्याकाळ सुंदर दिसते हे खरं, पण सूर्य डोंगराआड गेला की आपल्याकडे उजेड झपाट्याने ओसरतो. डोळ्यांना ते कळत नाही, ते सरावतात. दर दोन-तीन फोटोंनंतर पुन्हा चेहऱ्यावर मीटर घेत राहा.

आणखी एक, आणि हे बरेच जण विसरतात. तू ताईचे फोटो लांबून घेऊन नंतर कापलेस का? चौकटीची अर्धी रुंदी आणि अर्धी उंची कापली की फिल्मचा चौथा हिस्साच उरतो. तोच मोठा केला की दाणेही दुप्पट मोठे होतात. आजीच्या जवळ जा. तुझ्याकडे ५० एमएमची लेन्स असेल तर तिने दीड-दोन मीटरवरून चेहरा आणि खांदे येतात, तेवढं पुरे. अगदीच तोंडाशी गेलीस तर नाक मोठं दिसतं. साताऱ्यात किंवा वाईत एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे यशिका मॅट हा मोठ्या फिल्मचा जुना कॅमेरा पडून असेल आणि तो दोन दिवस द्यायला तयार असेल, तर नक्की घे. त्यात लागणाऱ्या १२० नावाच्या रुंद रोलवरची सहा बाय सहा सेंटीमीटरची निगेटिव्ह पस्तीस एमएमच्या साडेतीन पटींहून मोठी असते. तीच फिल्म, तोच दाणा, पण मोठा करावाच लागत नाही. जुन्या स्टुडिओंतले चेहरे इतके गुळगुळीत दिसतात त्यात या मोठ्या निगेटिव्हचा वाटा आहे.

‘इंदू’चा रोल आजीसाठी नको. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे तुझा रोल जुनाच असणार, आणि वाईच्या उन्हाळ्यांतून कपाटात राहिलेला. अशा फिल्मवर काही न काढताच करडा थर चढतो आणि त्यातून दाणा येतो. कितीही उजेड दिला तरी तो थर जात नाही. जपून ठेव, कधीतरी घाटाचे, दगडांचे फोटो काढ त्याच्यावर.

आजीचे काही फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हवे असतील तर नवा रोल घे, आणि इथे माझा निम्म्या आयएसओचा सल्ला डोळे झाकून लावू नकोस. साध्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये चांदीच शिल्लक राहते, रंगाचे ढग नसतात, त्यामुळे उजेड फार वाढवला तर दाणा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. नेमकं एक्स्पोजर, फार तर थोडं जास्त. इलफर्डची एफपी४ प्लस, आयएसओ १२५, ओसरीच्या उजेडाला पुरते आणि दाणा बारीक ठेवते. लॅबला विचार डेव्हलपर कोणता वापरतात. आयडी-११ किंवा डी-७६ असेल तर छान. रोडिनल असेल तर फोटो धारदार येतील पण दाणा ठसठशीत दिसेल. ही विचारपूस टाळायची असेल तर इलफर्डचीच एक्सपी२ सुपर घे. ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनात डेव्हलप होते, आणि तिच्यात रंगाचे ढगच असल्यामुळे ४००ची २०० लावली की दाणा खरोखर कमी होतो.

समारंभाला अजून महिना आहे, तेव्हा आधी एक रोल घरातच खर्च कर. त्याच ओसरीत, त्याच वेळी, आईला किंवा शेजारच्या काकूंना बसव. प्रत्येक बैठकीचे तीन फोटो घे : चेहऱ्यावर आलेलं माप, एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त. वहीत लिहून ठेव. निगेटिव्ह आल्या की तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघ. रोल फ्रिजमध्ये ठेवत असशील तर वापरायच्या तास-दीड तास आधी डबी न उघडता बाहेर काढ, नाहीतर आत दव धरतं. उन्हात उभ्या गाडीत रोल राहू देऊ नकोस. पाहुण्यांपैकी कोणी विमानाने फिल्म आणणार असेल तर विमानतळावर ती हातात देऊन तपासून घ्यायला सांग. सीटी पद्धतीच्या नव्या स्कॅनरमधून गेलेल्या फिल्मवर धुकं चढतं.

आता ताईचे फोटो. सॉफ्टवेअरने दाणे पुसायची घाई करू नकोस. दाण्याबरोबर त्वचाही पुसली जाते आणि ताई मेणाच्या बाहुलीसारखी दिसायला लागते. त्याऐवजी त्यातल्या सर्वांत चांगल्या तीन-चार फ्रेम पुन्हा स्कॅन करून घे. चिठ्ठीत लिही : शार्पनिंग बंद, चेहरा फार उजळवू नका, काळा काळाच राहू द्या, फाइल मोठी आणि टिफमध्ये द्या. फोटो जरा गडद येतील, पण संध्याकाळच होती ती, गडद शोभेल. ज्यात काळ्याचा हिरवटपणा तरीही जात नाही ते ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. मग पाच बाय सातच्या मॅट कागदावर प्रिंट काढ आणि हातभर अंतरावरून बघ. स्क्रीनवर फोटो शंभर टक्के मोठा करून त्यात दाणे शोधत बसलीस तर कुठल्याच फिल्मचं समाधान होणार नाही. त्यातूनही मन भरलं नाही तर लग्नाआधी ताईला पुन्हा मेणवलीला ने. या वेळी तिचं तोंड नदीकडे असू दे.